छापलेली गर्दी

आमच्या गावचा वार्ताहर नुसत्या नजरेने गर्दी कधी मोजत नसे. डोळे भुलतात, असं त्याचं म्हणणं. सभेच्या दिवशी तो आधी मेहुण्याकडे जायचा. मेहुणा मंडपवाला. खुर्च्या किती पाठवल्या ते विचारून घ्यायचा, मग सभा रंगात आली की रांगांमधून सावकाश फिरत रिकाम्या तेवढ्या मोजायचा. वजाबाकी केली की झाली बातमी. वीस वर्षांत त्याचा आकडा कुणी खोटा पाडला नव्हता. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, ते एवढ्यावर.

यंदा निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बाईंच्या पहिल्या सभेला चारशे खुर्च्या होत्या आणि एकही रिकामी नव्हती. त्याने तसंच कळवलं. सकाळी पेपरात त्याच्या नावानिशी मथळा आला, 'रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण'. बाईंची माणसं मेहुण्यावर उखडली, तुझेच भाऊजी ना हे, म्हणून.

मग पंधरवड्यात पेपरच्या मालकाचं आणि बाईंचं सूत जुळलं. पहिल्या पानावर बाईंच्या जाहिराती झळकू लागल्या. दुसऱ्या सभेला चारशेतल्या अडीचशे खुर्च्या ओस होत्या. त्याने तेही कळवलं. छापून आलं, 'मैदान अपुरे पडले'. आता विरोधातली मंडळी त्याला रस्त्यात गाठून म्हणू लागली, पुढच्या खेपेला आमचंही मैदान जरा अपुरं पाडा की.

त्याने कचेरीत फोन लावला. माझं लिहिलेलं छापत नसाल तर माझं नावही छापू नका, असं सांगितलं. उपसंपादक हसला.

"अहो, तुमचं नाव काढलं तर तुमच्या गावात खरं कोण मानेल? त्या नावासाठीच तर तुम्हाला ठेवलंय."

तिसऱ्या सभेला तो गेलाच नाही. घरी बायकोबरोबर शेंगा सोलत बसला. दुसऱ्या दिवशी पेपरात 'जनसागर उसळला', आणि खाली त्याचंच नाव.

पेपर घेऊन तो दारोदार फिरला. मी तिथे नव्हतोच, सांगत राहिला. लोक पेपराकडे बघत, मग त्याच्याकडे. वाद कुणी घातला नाही, आणि मानलंही कुणी नाही. शेवटी तो मेहुण्याच्या गोदामात पोचला. मेहुणा खुर्च्या एकात एक रचत होता.

"काल मी होतो का रे सभेला?"

मेहुण्याने पेपर हातात घेतला. मथळ्याखालच्या नावावरून सावकाश बोट फिरवलं.

"मला तरी दिसला नाहीत, भाऊजी," तो म्हणाला. "पण छापलंय, म्हणजे असालच."