ढेकूण मरेनासे झाले तेव्हा

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. नगरमधल्या आमच्या दोन खोल्यांत ढेकणांनी उच्छाद मांडला होता. बाजा उन्हात टाकून सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, तरी चार दिवसांत ये रे माझ्या मागल्या. आमचं पहिलं मूल तेव्हा पाळण्यात होतं. त्याच्या पाठीवर गांध्या उठत. ते घटकाभरही सलग झोपत नसे, त्यामुळे मीही नाही.

देवावर नसेल एवढा माझा विश्वास डीडीटीवर. माहेरी श्रीगोंद्याला ती पांढरी पावडर आम्ही उवांसाठी केसांतसुद्धा चोळायचो. औषध मारणाऱ्या माणसाला बोलावलं, तर तो म्हणाला, "वहिनी, पावडरीनं आता कायबी हुत न्हाई."

मला पटेना. मग त्याने काड्यापेटीत पावडर भरली, बाजेतला एक ढेकूण आत सोडला आणि पेटी माझ्याच हातात दिली.

दुसऱ्या दिवशी उघडली, तर ढेकूण पांढराफटक होऊन आरामात फिरत होता. मी थक्क झाले. राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला त्याचं कौतुकच वाटलं. मुलखातले डास आडवे करणारं विष या एवढ्याशा जिवाने पचवलं होतं. औषधवाल्यालाही तेच नवल. "लई वर्सं मारतोय ह्यांना, पर ह्यांनीच मला हरवलं," तो हसत म्हणाला.

मग त्याने पाण्यात कालवायचं नवं मॅलॅथिऑन आणलं. वास असा, की डोकं भणभणावं. "लेकराला सांजपातुर आत आनू नका," असं बजावून त्याने बाजा आणि भिंतींच्या भेगा फवारल्या. पाळण्याला मात्र हात लावला नाही. शेजारच्या खालांच्या ओट्यावर मी पोराला घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सुपलीभर मेलेले ढेकूण झाडून काढले, पोराला न्हाऊ घातलं आणि पाळण्यात ठेवलं. ते झोपलं. दुधाची वेळ टळली तरी उठेना. ज्या झोपेसाठी मी देव पाण्यात घालून बसले होते, तीच आता मला बघवेना. असल्या चिवट जातीला संपवणारं औषध, त्याच्यापुढे माझं पोर ते केवढं? नाकापुढे बोट धरलं, पण श्वास लागतोय की नाही तेच कळेना. शेवटी त्याच्या तळपायाला चिमटा काढला.

त्याने असं भोकाड पसरलं की खाला धावत आल्या. "झोपलेल्या लेकराला कुनी उठवतं व्हय?" त्या रागावल्या. मी त्याला छातीशी धरून बसले होते. ते रडणं थांबूच नये, असं मला वाटत होतं.