आईच्या हातचा अळू

आई पुन्हा तांब्या भरून आणते आहे. स्मृतिभ्रंशामुळे झाडाला आत्ताच पाणी घातलेलं ती विसरते. त्यापायी मोगरा कुजला, तुळस गेली. "तांब्या लपवून ठेव," भाऊ म्हणाला. मी कशाला लपवू? मी झाडच बदललं. मोरीमागे अळू लावला. त्याला कितीही पाणी घाला, तो नको म्हणत नाही. आईचं विसरणं बरं होणार नाही, पण ते मावेल अशी जागा करता येते, हे मला आता पक्कं ठाऊक आहे.

आज मी वड्यांसाठी सुपाएवढी पानं काढत असताना आई शेजारी येऊन उभी राहिली.

"कुणी वाढवलाय गं एवढा अळू?"

"तू, आई."

ती खुशीत हसली. "मग पाणी घालायला हवं त्याला," म्हणाली, आणि तांब्या भरायला वळली.