मागून येणारा

मार्गशीर्षातली संध्याकाळ. गड उतरून आम्ही पायथ्याशी चहाला टेकलो, तेव्हा नुकतंच अंधारलं होतं. उतरताना भाऊकाकांनी सगळ्यांच्या मागे राहायचं आणि त्यांच्या मागे कुणीच राहायचं नाही, ही आमच्या गटाची जुनी रीत. आज सगळे आले, काकाच आले नाहीत. हाका मारल्या, पण ओ आली नाही. मागे राहिलेल्याला काका शोधतात. काकांना कोण शोधणार?

वाटेकडे बघताना नजर वर गेली. गडाच्या माथ्यावर कृत्तिकांचा झुबका होता आणि त्याच्याखालून तांबूस रोहिणी वर येत होती. तिला ताऱ्यांच्या नकाशात अल्डेबरान म्हणतात. शब्द मूळचा अरबी. अर्थ, मागून येणारा. एवढा ठळक तारा, पण नाव देताना अरबांनी ना त्याचं तेज पाहिलं, ना रंग. कृत्तिकांच्या पाठोपाठ तो रोज येतो, एवढंच त्यांना मोलाचं वाटलं. तांडा घेऊन चालणाऱ्यांनाच हे सुचावं.

तेवढ्यात वाटेवरच्या कारवीच्या झुडपांत बॅटरी हलली. काका! हातात कुणाची तरी विसरलेली काठी. माझा जीव भांड्यात पडला. मी चिडून काही बोलणार, तोच धापा टाकत त्यांनी विचारलं, "सगळे पोचले ना रे?"