सोमवारचा पंप

गोपाळकृष्ण सरांच्या पोटात सहा वर्षं एक निखारा होता, आणि तो विझू नये याची काळजी ते स्वतःच घेत. अमरावतीच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत. त्यांचा धाकटा भाऊ हरिहर अकोटच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होता. एका शुक्रवारी भर दुपारी कापसाच्या गंजीला आग लागली. हरिहर पंपाकडे धावला, तो परत आलाच नाही.

चौकशीत मॅनेजर कमलाकांत छातीठोकपणे म्हणाला, "दर सोमवारी माझ्यासमोर पंप चालवून पाहतात. पाच वर्षांत एकदाही अडला नाही. हरिहर घाबरला, त्यानं तो सुरूच केला नाही." साहेब लोकांनी मान डोलावली. मेलेल्याच्या माथी खापर फोडायला काय लागतं? तो थोडाच उलटून बोलणार!

तेराव्याला जिनातला पंपावरचा पुंजाजी सरांच्या घराच्या फाटकापाशी येऊन कुजबुजला, "सर, पंपाची झडप गळकी हाये. दोन दिवसांत कोरडा पडते तो, मंग पानी ओढत नाई. सोमवारी साहेब यायच्या आदी आमी बादल्यांनी पानी भरून ठेवतो, मनून चालते. शुक्रवारी कोन भरते? पन माह्यं नाव घेऊ नका, लेकरं हायेत मले."

सरांनी त्याचं नाव कधीच घेतलं नाही. कमलाकांतला मात्र त्यांनी सोडलं नाही. दरवर्षी फळ्यावर पंप काढून ते विचारत, "अडीचशे सोमवार चालला, एकदाही अडला नाही. आगीच्या दिवशी चालेल, हा भरवसा किती?" मुलं आकडेमोड करून नव्याण्णव टक्क्यांपर्यंत पोचत.

"गाढवांनो, पाणी भरून एकच परीक्षा अडीचशे वेळा घेतली! आग काय बादल्यांसाठी थांबते?" असं म्हणून सर अकोटचं नाव घेत, मॅनेजरचंही घेत. पोरांच्या तोंडून त्याची अब्रू जिल्हाभर जावी, एवढाच त्यामागे हेतू.

चौसष्ट साली हजेरीत 'सिंधू कमलाकांत' हे नाव आलं आणि सरांना देव पावला. पोरीचा काही दोष नाही हे त्यांना कळत होतं. कळूनही ते त्या तासाची चवीनं वाट पाहत राहिले.

दिवाळीनंतर तो तास आला. पंप काढून सरांनी तिलाच उभं केलं. "सांग, भरवसा किती?"

"भरलेल्या पंपाचा पुष्कळ, सर. कोरड्याचा काहीच सांगता येत नाही. तसा कधी चालवून पाहिलाच नाही."

उत्तर चोख होतं, त्यामुळे सर आणखीच भडकले. "मॅनेजरचं नाव?"

"कमलाकांत. माझे बाबा."

"मग इथे काय सांगतेस? जिनाच्या फाटकात उभी राहून सांग!"

"सांगितलं, सर. तुमचं उदाहरण कॉलेजात सगळ्यांना पाठ आहे. ऐकल्यावर मी बाबांना विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. मग दसऱ्याला जिनाच्या पूजेला गाव जमलं, तेव्हा सांगितलं. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत."

सरांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तोंडचा घास कुणी पळवावा तसा रागही आला. हातातला खडू मोडून ते म्हणाले, "नेमकं काय सांगितलंस?"

"हरिहरकाकांनी पंप वेळेवर सुरू केला होता. पंपच कोरडा होता. ते शेवटपर्यंत तिथेच झटत राहिले."

सहा वर्षांत चारचौघांत हरिहरबद्दल हे कुणी बोललं नव्हतं, खुद्द सरही नाहीत. "बस," असं सर तिला म्हणाले आणि स्वतःच खुर्चीत बसले. सिंधू उभीच होती.