नव्या डिस्कच्या तीन वाटण्या

मार्च १९९८, शेवटचा रविवार, कराड. सांगलीहून आणलेली ४.३ जीबीची नवी हार्ड डिस्क, किंमत सात हजार आठशे. हजर तिघं: मी, माझी बायको आणि डिस्क बसवायला इस्लामपूरहून आलेला मेकॅनिक.

जुनी डिस्क खरखर करायला लागली होती. तिचे दोन भाग मीच पाडले होते. एकात विंडोज, दुसऱ्यात बायकोचं टायपिंग. कडेगावच्या एका प्राध्यापक बाईंचा प्रबंध तिने चार महिने खपून टाइप केला होता. दोनशे चाळीस पानं, पानाला दहा रुपये. फ्लॉप्यांवर उतरवलेले शेवटचे दोन अध्याय उघडत नव्हते, म्हणजे ते फक्त जुन्या डिस्कवरच उरले होते, आणि बाई दुसऱ्याच दिवशी छापील प्रत न्यायला येणार होत्या.

मेकॅनिकने नवी डिस्क जुनीच्या शेजारी जोडली आणि तिचा सगळा मिळून एकच भाग केला.

“तीन करा,” मी म्हटलं.

“आवं काका, एकच ऱ्हाऊ द्या की. लय जागा हाय. भावाभावांत वाटायचीय व्हय?”

“विंडोज बिघडलं की तुम्ही तो अख्खा भाग पुसता. मग हिचं काम वेगळ्या भागात नको?”

त्याला पटलं. केलेला भाग काढून नव्याने तीन पाडायचे ठरले. त्याआधी मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागलं. तसं केलं, की भाग पाडायचा प्रोग्रॅम आपण होऊन जुन्या डिस्कवर उघडतो. नवी डिस्क निवडून द्यावी लागते. ते तो विसरला. भाग काढायचा म्हटल्यावर प्रोग्रॅमने खात्रीसाठी त्या भागाचं नाव विचारलं. नाव समोरच इंग्रजी अक्षरांत दिसत होतं, श्री. आमच्याकडे कोऱ्या कागदावर आधी श्री लिहितात, म्हणून जुन्या डिस्कच्या दोन्ही भागांना मी तेच नाव दिलं होतं. ओळखीचं नाव पाहून मी मान हलवली. त्याने नाव टाइप केलं. आता फक्त ‘हो’ म्हणायचं राहिलं होतं.

“अहो, थांबा,” बायको म्हणाली. “नवी डिस्क आत्ताच खोक्यातून काढली ना? मग बारशाआधी हिचं नाव कुणी ठेवलं?”

मी पडद्यावरचा डिस्कचा एकूण आकडा वाचला. सहाशे मेगाबाइट. नवी डिस्क याच्या सातपट.

“ही जुनी आहे. एस्केप दाबा.”

मेकॅनिकने एस्केप दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. “आयला! काकू, वाचिवलंसा बघा.”

“मी माझंच वाचवलं. तुम्ही चहा घ्या, आणि यांना आता मान हलवू देऊ नका.”

त्यानंतर प्रत्येक आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय मी त्याला एंटर दाबू दिलं नाही. नव्या डिस्कच्या तिन्ही भागांना वेगवेगळी नावं दिली. प्रबंध तिच्या भागात उतरवला आणि तिने सगळे अध्याय एकेक करून उघडून पाहिले. मेकॅनिकला ठरलेले दोनशे दिले.

सोमवारी बाई आल्या, पानं चाळून पाहिली आणि पैसे माझ्यापुढे धरले. मी बायकोकडे बोट केलं. चोवीसशे रुपये त्यांनी तिच्या हातात दिले.