आई थांबायची ती जागा

"पिढ्यान्‌पिढ्या हातात तराजू, आणि मात्रा तोलता येत नाहीत?"

आर्वीच्या आमच्या काव्यमंडळाचे अध्यक्ष फळ्यासमोर उभे राहून मला हे म्हणाले. सगळे हसले. आमचं घर जवळच्या रोहणा गावचं, भाजी पिकवून आर्वीच्या बाजारात विकणारं, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, तेही ठाऊक.

फळ्यावर माझी कविता होती. लघु-गुरूच्या खुणा करत त्यांनी प्रत्येक ओळीचं शेपूट खडूने खोडलं.

वांग्याले पाणी लावलं, काऊन बोलत नाई रे राजा?
भाकर थंडी झाली, काऊन बोलत नाई रे राजा?

"तेच तेच. हे यमक नाही, बाजारातली हाक आहे. दुरुस्त करून आणा, आजी. मग मंडळाच्या संग्रहात घेऊ."

इंग्रजी कवितेत ओळ पुन्हा आली की हेच गृहस्थ मान डोलवतात. तरी मी "बरं" म्हणाले.

घरी येऊन दुरुस्त केली. मात्रा जुळल्या. यमक जुळलं. मोठ्याने वाचली. आई त्यात नव्हती.

बाळांनो, माझा दादा वांग्याच्या वाफ्यात साप चावून गेला. आमच्याकडे बायका प्रेताजवळ बसून, त्याच्याशी बोलत रडतात. आई एक ओळ म्हणायची, का बोलत नाहीस म्हणून त्याला विचारायची आणि थांबायची. खरंच थांबायची, त्याच्या तोंडाकडे बघत. उत्तर येत नव्हतं. म्हणून पुन्हा. ते शेपूट नव्हतं. कविता तेवढीच होती. बाकीचे शब्द नुसते तिथवर जायला.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी हात पुढे केला. "झाली दुरुस्त?"

"झाली. देणार नाही."

उभी राहून जुनीच वाचली. प्रत्येक ओळीनंतर आईइतकी थांबले. शेजारच्या बाईने पदर ओढला. "बसा न मॅडम, कायले त्याहिच्या नादी लागता."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "आटपा, आजी."

"नाही आटपणार. इथं थांबायचं असतं."

कोणी हसलं नाही. टाळीही कोणी वाजवली नाही. संग्रह निघाला, त्यात मी नाही. बैठकीचा निरोप येणंही बंद झालं.

तरी मी जाते. पुढच्या खुर्चीत बसते. तुम्ही नातवंडं फोनवर म्हणता, आजी, सोड ना. सोडणार नाही. आईची ओळ खोडून मिळणारं पान मला नको, आणि माझी खुर्चीही मी त्यांना देणार नाही. त्यांनी पुन्हा खडू उचलला की पुन्हा उभी राहीन. पुन्हा वाचीन.

तेच तेच.