कापलेले नाव

बोलण्यापूर्वी समोर जे काही असेल त्यावर ते बोटाने दोनदा टकटक करीत. कधी टेबल, कधी वर्तमानपत्राची घडी, एकदा तर माझ्या चष्म्याचे घर. मग विचारीत, "आवाज येऊन राह्यला का?" ऐकणारा चार फुटांवर बसलेला असे. परंतु उभा जन्म लग्नमंडपांत आणि जयंतीच्या कार्यक्रमांत लाउडस्पीकर लावण्यात गेलेल्या माणसाला, आपण बोललो म्हणजे ते पोचले, असे मानणे जमत नसावे. आम्ही हसत असू. आपल्या सर्वांच्या ओळखीत असा एखादा असतो, आणि आपण हसतोच.

समुद्रपूरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते. ते सकाळी अकराला येत, खांद्यावरचा दुपट्टा खुर्चीच्या पाठीवर टाकीत आणि रविवारची पुरवणी मागीत. वार कोणताही असो. त्या पुरवणीत एक लेखिका गाण्यावर सदर लिहीत असत. आम्हा दोघांच्याही त्या फार आवडत्या. सदर बंद झाले तेव्हा आमच्या या माईकवाल्यांनी संपादकाला तीन पोस्टकार्डे पाठवली. उत्तर आले नाही. "पोचलं नसन," एवढेच म्हणाले.

पुढे लेखिकेने ईमेलवरून न्यूजलेटर सुरू केले. माईकवाल्यांकडे ईमेल नव्हता, म्हणून मी प्रत्येक पत्राची छापील प्रत काढून देऊ लागले. पहिल्या पत्राखाली वाचकांनी स्वागताची नुसती रांग लावली होती. रविवार परत मिळाला, डोळे भरून आले, आता सोडून जाऊ नका.

"खालच्या लोकायचं बी छापत जा, मॅडम," ते म्हणाले. सगळे वाचून झाल्यावर मान हलवून म्हणाले, "चांगले लोक हायेत. लग्नात मांडवाच्या दारावर उभे राह्यल्यावानी बोलतेत. या बसा, या बसा."

लवकरच तिथे संगीतावरच्या माहितीपटांची चर्चा सुरू झाली. वाचक एकमेकांना नावे सुचवू लागले: सारंगी बनवणाऱ्यांवरचा, कोणा वृद्ध गायकावरचा, परदेशातल्या वाद्यवृंदांवरचे. त्यांतले दोन-तीन आम्ही वाचनालयाच्या संगणकावर पाहिले. त्यांचे मत ठरलेले होते. "एवढा मोठा गवई, पन माईक कोनं लावला थे एकदाबी दाखवत नाई. आवाज का आपोआप गेला लोकायपाशी?"

मी हे मत वाचकांना कळवायला हवे होते. कळवले नाही. मला ते थोडे बाळबोध वाटले.

पाचव्या पत्रात लेखिकेने एका नव्या माहितीपटाचे तोंड भरून कौतुक केले. विषय होता आमच्याच भागातल्या गाणाऱ्या बायका. ते खुर्चीत सरळ होऊन बसले. हा माहितीपट करायला पुण्याहून आलेल्या दोघांना आपण कॅसेटी दिल्या होत्या, हे त्यांनी मला तेव्हा प्रथम सांगितले. जयंतीच्या कार्यक्रमात अ‍ॅम्प्लिफायरला टेप जोडून ते गाणी उतरवून घेत असत. त्यांत गाणाऱ्या एका बाईचा फोटोही त्यांनी मिळवून दिला होता. बाई वारल्या होत्या. तो वडनेरला राहणाऱ्या बाईंच्या मुलीकडून मागून आणलेला. मुलगी द्यायला तयार नव्हती, घरात तेवढा एकच होता. "म्या तिले शब्द देला, मायचं नाव येईन म्हनून."

माहितीपट लावला. विसाव्या मिनिटाला तो फोटो आला आणि मागे गाणे सुरू झाले. खाली अक्षरे उमटली: अनाम लोकगायिका.

ते म्हणाले, "मागे घ्या." मी मागे घेतले. पुन्हा मागे घ्या. चौथ्यांदा ऐकल्यावर त्यांनी पडद्याला बोट लावले. "हे आयका. गान्याच्या आधी थे घसा साफ करते. आलं? त्याच्या आधी मी हाय. आता गातील वडनेरच्या भागरताबाई थूल, असं म्या बोललो, मंग तिनं घसा साफ केला. कॅशेटीत लागून हाय दोन्ही. यायनं घसा ठेवला अन् नाव कापलं."

कोणत्याही गाणाऱ्याचे नाव आणि गाव माईकवर सांगितल्याशिवाय त्यांनी कधी गाणे सुरू होऊ दिले नव्हते. नाव सांगेपर्यंत माईक गाणाऱ्याच्या हातात देत नसत. आणि इथे कोणीतरी ती टेप नीट ऐकून, नेमक्या जागी, अर्ध्या श्वासाचाही धक्का न लागू देता कात्री चालवली होती. ज्याला नाव ठाऊक नाही त्याला हे साधत नाही. अनाम हा शब्द नाव ऐकल्यानंतर लिहिला गेला होता. त्या दिवशी मला संताप म्हणजे काय ते कळले. मी तो गिळून टाकला. शिकलेल्या माणसांना ते छान जमते.

"त्या पत्राखाली लिहा, पिक्चर बनवनाऱ्यायले," ते म्हणाले. "तुमी तिचं नाव कापलं. काय कापून राह्यलो हे कापनाऱ्याले मालूम होतं. नाव लावा, नाईतर गानं काढा. तिची पोरगी मले इचारते, मायचं नाव काऊन नाई, तिले मी काय सांगू? बस. एवढंच."

ते गेल्यावर मी लिहायला बसले, आणि आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला ते सगळे वापरले. 'माहितीपट अतिशय हृद्य आहे. तथापि एका ज्येष्ठ वाचकांच्या वतीने एक नम्र सूचना करावीशी वाटते. त्यातील एका गायिकेचा नामोल्लेख झाला असता तर आनंद द्विगुणित झाला असता.' दोनदा वाचून पाहिले. स्वच्छ होते. पाठवून दिले.

वाचकांनी त्यावर लाल बदाम उमटवले. किती ऋजू भाषा, असे एकीने लिहिले. एका गृहस्थांनी लिहिले की लोककलेचे सौंदर्य तिच्या अनामिकतेतच असते. त्यावरही बदाम. लेखिकेने स्वतः उत्तर दिले: असे संवेदनशील वाचक लाभणे हेच माझे भाग्य. नावाचे काय, हे कोणीही विचारले नाही. का विचारावे? मी तरी कुठे विचारले होते?

दुसऱ्या दिवशी त्यांनी छापील प्रत वाचली. पुन्हा वाचली.

"हे मी बोललो?"

"आशय तोच आहे," मी म्हणाले. "जरा सौम्य केले. तिथे तशी पद्धत आहे."

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "तुमीबी कापलं."

खुर्चीवरचा दुपट्टा उचलून ते निघून गेले. नंतर वाचनालयात आले नाहीत. आठवडाभराने मी त्यांचे शब्द, त्यांनी सांगितले तसे, काना-मात्रा न बदलता पाठवले. तासाभरात ते तिथून काढून टाकण्यात आले. मला ईमेल आला की या कट्ट्यावर आपण सौहार्द जपतो. मी आणखी दोनदा पाठवले. मग माझी नोंदणीच रद्द झाली. मला त्याचे दुःख झाले नाही. ऋजू भाषेची स्तुती करणाऱ्या त्या सगळ्यांचा मला आजही राग येतो, आणि त्यात माझा क्रमांक पहिला आहे.

हे सांगायला मी त्यांच्या घरी जाणार होते. धीर होईना. शेवटी ते एस.टी. स्टँडवरच भेटले, हातात क्ष-किरणाचा मोठा लिफाफा. वर्ध्याला तपासणीसाठी निघाले होते, अंगाने अर्धे झाले होते. मी घडले ते सांगितले.

"तीनदा काढलं?" त्यांनी विचारले. थोडे हसले. "म्हंजे पोचलं."

"वडनेरला जाऊन आलात?"

"आलो. पोरीले म्हनलं, माह्यानं नाई झालं. फोटो काई वापस आला नाई. भितीवर रिकामी चौकट होती, थे पुसत बसली." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमाले लिहिता येते. तुमीच लिहा कुठंतरी."

"तुमच्याबद्दल लिहीन."

"माहं नाव नोका टाकू. माईकवाला सवताचं नाव पुकारत नसते. तिचं टाका."

मी पर्समधून वही काढली आणि त्यांच्यादेखत लिहिले: सुप्रसिद्ध लोकगायिका कै. श्रीमती भागरताबाई थूल, वडनेर. वाचून दाखवले. त्यांनी हात पुढे केला. वही गुडघ्यावर ठेवून, खिशातल्या बॉलपेनने, 'सुप्रसिद्ध'पासून 'श्रीमती'पर्यंत त्यांनी रेघ मारली. बॉलपेन नीट चालत नव्हते, म्हणून जोर जास्त लागला आणि कागद फाटला. तेवढ्यात बस लागली. ते चढले. वर्ध्याहून परत आले ते शववाहिकेतून.

माहितीपट अजून आहे. लोक पाहतात, रडतात, एकमेकांना सुचवतात. विसाव्या मिनिटाला अजून अनाम लिहिलेले आहे. ते फाटलेले पान माझ्याजवळ आहे. फाटलेल्या जागेनंतर, शाबूत राहिलेल्या कागदावर, तीनच शब्द उरले आहेत: भागरताबाई थूल, वडनेर.